अहो, लेफ्ट, अहो, राइट

न दिसणाऱ्या माणसाला बर्फाच्या उतारावरून खाली आणायचं काम पायांचं कमी आणि तोंडाचं जास्त. शिकवणाऱ्या बाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, मग झालं तर, हे आपलंच काम. माझं तोंड लहानपणापासून कधी बंद राहिलेलं नाही. आईने त्यावरून धपाटे घातले, सासूबाईंनी अबोले धरले, आणि डेन्व्हरच्या वरच्या डोंगरावर त्याच तोंडापायी मला नारिंगी जाकीट मिळालं, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'गाइड' लिहिलेलं.

काम असं की दोघांनी पायांत स्कीच्या लांब पट्ट्या बांधायच्या, पुढे मी, मागे चार-पाच हातांवर ते न दिसणारे. मी मान वळवून त्यांच्याकडे बघत राहायचं आणि सारखं बोलत राहायचं. माझा आवाज जिकडे, तिकडे त्यांनी यायचं. आवाज बंद पडला तर काहीतरी बिघडलं समजून जागेवर बसकण मारायची. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा होता. आधी नाव, मग हुकूम. उतारावर माणसं ओरडतच असतात, नुसतं 'लेफ्ट' म्हटलं तर कोणीही वळेल. म्हणून नाव घ्यायचं, ते ऐकलं की त्या माणसाने कान टवकारायचे, आणि मग लेफ्ट, राइट, स्टॉप.

इथेच माझी गाडी अडली, कारण मी ज्यांना खाली आणणार होते ते माझे यजमान होते.

आज माझी नात हसते, पण तेव्हा आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नसत. ऐंशी सालानंतरची ती वर्षं, आम्ही अमेरिकेत, मी जीन्स घालून गाडी चालवणारी, पण नाव म्हणजे नाव. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. बँकेत, मुलीच्या शाळेत मी 'माय हजबंड' म्हणून वेळ मारून नेत असे. शिकवणाऱ्या बाई, चांगल्या उंच, उन्हाने रापलेल्या, आधी नर्स होत्या. त्या म्हणाल्या, "मग तू त्यांना हाक तरी काय मारतेस?" मी म्हटलं, "अहो." त्यांनी ते दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. छोटं आहे, लांब पोचतं, आणि या डोंगरावर दुसऱ्या कोणाचं नसणार, म्हणाल्या. झालं, अहो पास. नवऱ्याचं नाव न घेण्याचा माझा नेम अमेरिकन बाईने मंजूर केला याचं मला तेव्हा फार हसू आलं होतं.

यांचे डोळे एकदम गेले नाहीत, कडेकडून गेले. आधी जेवताना शेजारचा पेला सांडायचा आणि बोलणी मला बसायची, "इथे कशाला ठेवतेस?" मग दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. डोळ्याच्या पडद्याचा रोग आहे, औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे पुलांची डिझाइनं करायचे. काळ्याभोर दाट केसांचा, सगळ्यांना दरडावणारा माणूस. हळूहळू गाडी चालवणं गेलं, नकाशे गेले, शेवटी ऑफिसने फार गोड बोलून घरी बसवलं. ते बसले ते दिवाणखान्यातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत. सकाळी रेडिओ लावायचा आणि जेवायला हाक मारली तर उठायचं. पांढरी काठी मिळाली होती, ती कोटांच्या कपाटात व्हॅक्यूम क्लीनरमागे गेली.

काठी लपवली ती आपल्या लोकांमुळे, यात मला शंका नाही. अमेरिकन माणूस विचारतो, मदत हवी का, नको म्हटलं की पुढे जातो. आपल्याकडे जेवायला बोलावणार आणि दारातच, "ओळखा पाहू आवाज कोणाचा?" अरे, त्यांनी काय इथे परीक्षा द्यायला यायचं? आणि वाढताना मला विचारणार, "त्यांना भात वाढू का?" एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ते समोर बसलेत, त्यांनाच विचारा की." त्यावर त्या घरच्या काकू रुसल्या त्या होळीपर्यंत बोलल्या नाहीत. त्या काकू म्हणजे आमच्यातल्या एका डॉक्टरांच्या मिसेस. त्या पुढे परत येणार आहेत.

स्की मला येत होतं ते मुलीमुळे. शाळेच्या मुलांना डोंगरावर न्यायचे, बरोबर आया हव्या असायच्या, मी गेले आणि मला ते वेडच लागलं. हे तेव्हा चेष्टा करायचे, "अण्णांना फोटो पाठवू का, लेक कशी घसरतेय?" अण्णा म्हणजे माझे वडील. मग डोळे गेल्यावर, काठी शिकवायला येणाऱ्या बाईने सांगितलं की न दिसणाऱ्यांना स्की शिकवणारे लोक आहेत, गाइड लागतात. मला वाटलं हे खेकसतील. हे म्हणाले, "जाऊन बघू." माझा अंदाज असा की आपल्याला आता काहीच जमणार नाही हे सिद्ध करायलाच ते निघाले होते.

शिकवणाऱ्या बाई नवरा-बायकोची जोडी लावायला तयार नव्हत्या. तसा त्यांच्याकडे रिवाजच नव्हता. "घरचं माणूस हुकूम देतं ते भांडायला," त्या म्हणाल्या, "आणि घरच्या माणसाचा हुकूम कोणी ऐकत नाही." यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "परक्याच्या आवाजावर मी पाय उचलणार नाही. हिचा आवाज मी झोपेतही ओळखतो." इतकं गोड ते माझ्याबद्दल त्याआधी कधी बोलले नव्हते, त्यानंतरही फारसे नाही.

पहिले काही आठवडे कपाळमोक्षाचेच होते. पण माणूस शिकला. 'अहो, लेफ्ट' म्हटलं की गुडघा वाकायचा, 'अहो, राइट' म्हटलं की भार दुसरीकडे जायचा, आणि मधल्या वेळात मी बडबडत असायची, आता उतार मऊ आहे, आता उजवीकडे झाडं आहेत, लांब आहेत, या, या, या. घरी भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवणारा माणूस तिथे माझा शब्द खाली पडू देत नव्हता. परतीच्या वाटेवर गाडीत तेच बोलत राहायचे. कडक बर्फ खरवडल्यासारखा वाजतो आणि नवा बर्फ वाजतच नाही, पण पायाला कळतो, हे मला त्यांनी सांगितलं. मला डोळे असून ते कधी कळलं नव्हतं. एकदा खाली पोचल्यावर स्कीच्या काठ्या बर्फात रोवून ते एकटेच हसत उभे राहिले. ते हसू मी किती वर्षांनी पाहत होते. त्याच दिवशी मला हेही कळून चुकलं की आता हा डोंगर सुटला तर हे त्या खुर्चीत परत जातील, आणि मग कोणी कितीही हाका मारल्या तरी उठायचे नाहीत.

दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाच्या लोकांच्या डोक्यात आलं की यंदा संक्रांत बर्फात करायची. बायका-मुलांसकट डोंगरावर जायचं, भाड्याने स्की घ्यायच्या, मग खालच्या लॉजमध्ये तिळगूळ आणि हळदीकुंकू. मी यांना म्हटलं, "आपण दुसऱ्या दिवशी जाऊ. त्या गर्दीत नको." हे म्हणाले, "त्याच दिवशी जायचं. बघू देत त्यांना." मी विचारलं, "तुम्हाला स्की करायचंय की दाखवायचंय?" ते म्हणाले, "दोन्ही." खरं सांगायचं तर मलाही दाखवायचंच होतं. भात वाढू का विचारणाऱ्या काकूंना तर खासच.

त्या दिवशी ऊन लख्ख होतं. आमची मंडळी नवशिक्यांच्या उताराच्या पायथ्याशी पसरली होती, कोणी बसलेलं, कोणी पडलेलं, पोरं एकमेकांवर बर्फ फेकत होती. आम्ही वरून निघालो. यांच्या अंगावर 'ब्लाइंड स्कीअर' लिहिलेलं जाकीट होतं. एरवी ते घालताना कुरकुरायचे, त्या दिवशी नाही. अर्ध्यापर्यंत इतकं सुरेख आलो की खालून टाळ्या सुरू झाल्या. मी म्हणतेय, अहो, लेफ्ट, अहो, राइट, आणि ते दोरीने ओढल्यासारखे माझ्यामागे येताहेत.

तेवढ्यात उजवीकडून काकूंचा आवाज आला. त्यांचे डॉक्टर स्कीवर उभे राहिले होते आणि आपोआप घसरत निघाले होते. काकूंनी जिवाच्या आकांताने हाक मारली, "अहो! अहो, इकडे! इकडे या!" आणि माझे यजमान उजवीकडे वळले.

त्यांची काहीच चूक नव्हती. वारा होता, टाळ्या होत्या, आणि घाबरलेल्या मराठी बाईचा 'अहो' सगळ्यांचा सारखाच लागतो. मी ओरडले, "अहो, स्टॉप!" पण तोवर काकूंचं पाहून बाकीच्या बायकाही आपापल्या नवऱ्यांना बाजूला बोलवायला लागल्या होत्या. त्या डोंगरावर दुसऱ्या कोणाचं नसणार म्हणून मंजूर झालेला तो शब्द चारी बाजूंनी येत होता. हे त्यांच्यामधून झाडांकडे निघाले. मला दिसत होतं आणि मला पोचता येत नव्हतं. तेव्हा मी त्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव, पुढे-मागे काही न लावता, होता नव्हता तेवढा जीव एकवटून. मंडळाच्या साऱ्या बायका माझ्याकडे वळून पाहायला लागल्या. फक्त ते थांबले नाहीत. उलट त्यांनी दोन्ही स्की सरळ केल्या, गुडघे सैल सोडले, आणि वेग घेतला. तोंड वर होतं. पहिल्या झाडाच्या बुंध्याला धडकले तेव्हाही ते तसंच वर होतं.

मांडीचं हाड मोडलं, खांदा निखळला. मदतीचे लोक घसरगाडीवर बांधून त्यांना खाली नेत होते आणि मी बाजूने स्की करत सारखी बोलत होते, सवयीने.

मग हॉस्पिटल, प्लॅस्टर, घरी माणसांची रीघ. डबे येत होते, ते कबूल करायला हवं. काकू रडल्या, मला धरून बसल्या, आणि मी त्यांना माफ केलं, कारण त्यांनी केलं तरी काय, नवऱ्याला हाकच मारली. पण बाकीच्या काही जणी स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी कुजबुजायच्या, "नाव घेतलंस की गं, तेही उखाण्याशिवाय." आणि तोंडावर हात ठेवून हसायच्या. माझा नवरा बाहेर मोडून पडलाय आणि यांना हे सुचतंय. बाहेर मात्र त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पुरुषमाणसापुढे असलं कसं बोलायचं.

मीही बोलले नाही. मला राग होता. मला वाटत होतं की त्यांनी ऐकलं होतं. मी सगळ्यांदेखत त्यांचं नाव घेतलं, आणि माझं ऐकायचं नाही म्हणून ते सुटले, असंच माझ्या मनाने घेतलं होतं. शिकवणाऱ्या बाईंचं बोलणं आठवायचं, घरच्या माणसाचा हुकूम कोणी ऐकत नाही. मी विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते, आणि मग मला पुढे त्यांच्याबरोबर राहता आलं नसतं, इतकी मी दुखावले होते.

प्लॅस्टर निघालं, पाय सुधारला, पुढचा हिवाळा आला. हे खुर्चीतून हलेनात. शिकवणाऱ्या बाईंनी दोनदा फोन केला. दुसरा गाइड देते म्हणाल्या. हे म्हणाले, "गाइडचा प्रश्न नाही. मला यायचं नाही." का, ते सांगेनात. रेडिओही लावेनासे झाले. मी खोलीत गेले तर म्हणायचे, "कोण? तूच ना? बोल काहीतरी." मी बोलले तरी मान वाकडी करून ऐकत राहायचे, खात्री नसल्यासारखे. मला वाटायचं, आता हे मुद्दाम छळताहेत.

मी मात्र शनिवारी-रविवारी डोंगरावर जात राहिले. गाइड कमी होते, आणि खरं म्हणजे मला घरात जीव घुसमटल्यासारखं व्हायचं. तिथे दुसऱ्यांना खाली आणायची. एक पियानो शिकवणारी म्हातारी होती, एक सैन्यातून आलेला तरुण होता. दिवसभर त्यांची नावं घ्यायची, आधी नाव, मग हुकूम. ही माणसं माझी कोणी नव्हती. नाव घेतलं की लगेच कान द्यायची, थांब म्हटलं की थांबायची. परत येताना गाडीत मला रडू यायचं आणि घराच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर थांबून मी तोंड धुवायची.

अशाच एका शनिवारी ऊन कलताना घरी आले. हे स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. चहाचं आधण ठेवलं तर म्हणतात, "आज कोणाकोणाच्या नावाने ओरडून आलीस?"

झालं. वर्षभराचं साचलेलं बाहेर पडलं. मी म्हटलं, "लोकांचं नाव घेते, ते लोक निदान थांबतात. तुमचं घेतलं तर तुम्ही थांबला नाहीत."

ते म्हणाले, "कधी घेतलंस?"

"कधी काय कधी? संक्रांतीला. सगळ्या गावादेखत. घसा फुटेपर्यंत."

चहा उतू गेला, तो मी पुसला नाही. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "ती तू होतीस?"

"मग कोण असणार?"

"आई," ते म्हणाले.

माझ्या सासूबाई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. यांना नुसत्या नावाने हाक मारणारी बाई सबंध जगात ती एकच होती. धाकट्या बहिणी दादा म्हणत, इथले लोक आडनाव मोडूनतोडून म्हणत, मी अहो म्हणत होते. "सगळीकडून अहो येत होतं," ते म्हणाले, "कुठे जायचं कळेना, आणि त्यात आईने हाक मारली. आई हाक मारायची ती जेवायला. मळ्याच्या बांधावर उभी राहून मारायची, आणि मी पळतच सुटायचो. तसाच सुटलो गं."

मी खुर्ची ओढून बसले. ते सांगत राहिले. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यापासून त्यांना वाटत होतं की आपलं डोकं फिरलंय. डोळे गेले होते, आता कानही खोटं सांगायला लागले. मेलेल्या माणसांच्या हाका आपल्याला ऐकू येतात, हे कोणाला सांगणार? म्हणून रेडिओ बंद केला, म्हणून मी खोलीत आले तरी खात्री करून घ्यायचे. ज्याला आता आवाजांवर विश्वास ठेवता येत नाही त्याने डोंगरावर काय जायचं? हे सगळं ते वर्षभर एकटे घेऊन बसले होते, आणि मी बाहेर गाडी थांबवून तोंड धूत होते. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी दया आली, आणि स्वतःचीही आली, की मी टेबलावर डोकं ठेवून मोठ्याने रडले.

माझं रडून झाल्यावर ते म्हणाले, "परत घे."

"काय?"

"नाव. तेव्हा घेतलंस तसं. मला तुझ्या आवाजात माहीत नाहीये ते."

मला येईना. बसल्या जागी, संध्याकाळच्या वेळी, नवऱ्याच्या तोंडावर त्याचं नाव घ्यायचं म्हणजे जीभच वळेना. पहिल्यांदा घेतलं ते इतकं पुटपुटत की ते हसले. दुसऱ्यांदा जरा नीट आलं. त्यांनी मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाले, "असं नाही. ओरड."

मग ते उठले, भिंतीला हात लावत जिन्यापाशी जाऊन उभे राहिले. "मी चालत येतो," म्हणाले. "तू नाव घेतलंस की मी थांबणार. यायचं नाही, थांबायचं. ते पायांना शिकवायला पाहिजे."

ते निघाले, हात पुढे न करता, डोंगरावर येत तसे. मी ओरडले. ते तरीही एक पाऊल पुढे आलेच. परत जिन्यापाशी गेले. परत निघाले, मी परत ओरडले. मुलगी वरून धावत आली आणि इंग्रजीत विचारायला लागली की काय झालं, डॅडला अशी हाक का मारतेस. तिला मी हातानेच गप्प केलं, आणि ती पायरीवर बसून राहिली. कितीदा झालं कोण जाणे. शेवटी माझा घसा बसला, नाव धड उमटेना, अर्धं आवाजात आणि अर्धं नुसतं श्वासात आलं, आणि ते स्वयंपाकघराच्या मधोमध जागच्या जागी थांबले.

"ही तू," ते म्हणाले. "कळलं. आता पुढच्या शनिवारी जाऊ."